हवामान मंच : समन्वयकाच्या प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

२ जून २०२५

आज मंचाच्या समन्वयकपदाची सूत्रे हाती घेतली. सूत्रे म्हणजे प्रत्यक्षात तीन गोष्टी : चौदा सदस्य गटांतील २१२ कार्यकर्त्यांची यादी, गेल्या दोन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते आणि मंचाच्या ईमेल खात्याचा पासवर्ड. दुपारभर बसून इतिवृत्ते वाचून काढली. जवळजवळ प्रत्येक बैठकीचा शेवट ‘पाठपुरावा करण्याचे ठरले’ या वाक्याने झालेला आहे; पाठपुरावा कोणी करायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले आढळले नाही.

आधीच्या समन्वयकांनी जाताना प्रामाणिकपणे सांगितले होते की यादी जुनी आहे. त्यामुळे पहिले दहा दिवस कोणतेही आवाहन, पत्रक किंवा आमंत्रण पाठवायचे नाही आणि यादीतील प्रत्येकाला स्वतः फोन करायचा, असे मी ठरवले आहे. कार्यकारी समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना ही चालढकल वाटली. पाच जूनला जागतिक पर्यावरण दिन असताना मंचाने गप्प राहणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ते चूक नाही, परंतु कोणाच्या वतीने बोलायचे हेच ठाऊक नसताना बोलणे मला त्याहून वाईट वाटते.

१३ जून

फोन संपले. २१२ पैकी १३१ जणांशी बोलणे झाले, ३८ क्रमांक बंद आहेत आणि उरलेल्या ४३ जणांनी तीन वेळा प्रयत्न करूनही फोन उचलला नाही. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत होते : गेल्या वर्षभरात हवामानामुळे तुमच्या रोजच्या कामात किंवा घरात काय बदलले?

उत्तरे लिहून घेण्यासाठी वहीचे तीन रकाने केले होते : ‘पाऊस’, ‘उष्णता’ आणि ‘इतर’. पहिल्याच दिवशी उष्णतेचा रकाना भरून कडेच्या समासात लिहावे लागले. त्यातही लोक दुपारपेक्षा रात्रीबद्दल अधिक बोलले. बांधकाम कामगारांच्या गटातील एक बाई म्हणाल्या, “दुपार सोसता येते हो, ती संपणार हे माहीत असतं. रात्री भिंती गार होत नाहीत आणि सकाळी कामावर जाताना अंग आदल्या दिवशीइतकंच शिणलेलं असतं.” हे वाक्य शब्दशः उतरवून घेतले आहे. रात्रीचे तापमान पुरेसे उतरले नाही की शरीराला सावरायला अवधी मिळत नाही आणि सलग काही दिवस असे झाले की उष्णतेच्या लाटेत मृत्यू वाढू लागतात, हे आरोग्यविषयक अहवालांमध्ये अनेक परींनी सांगितलेले असते. बाईंनी ते एका दमात सांगितले.

याच आठवड्यात एक बातमी सगळीकडे फिरत होती. हवाई बेटांवरील मौना लोआ येथील वेधशाळेत मे महिन्यातील कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण प्रथमच दशलक्ष भागांत ४३० भागांच्या वर गेले. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी तेथे मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता आणि औद्योगिक युगापूर्वी तो सुमारे २८० होता. आकडा मोठा आहे, गंभीर आहे आणि तो फलकावर उठूनही दिसेल. तरीही १३१ संभाषणांमध्ये एकानेही तो काढला नाही, हेही मला नोंदवून ठेवायचे आहे.

२१ जून

पहिली संयुक्त बैठक झाली. चौदापैकी अकरा गट आले. हजेरीपटावर ४६ सह्या आहेत.

बैठकीत जे व्हायचे होते ते अर्ध्या तासातच झाले. विद्यार्थी गटाला मंचाने उत्सर्जन कपातीवर ठाम भूमिका घ्यायला हवी आहे. जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे प्रयत्न करण्यासाठी झालेल्या पॅरिस करारानुसार देशांनी दर पाच वर्षांनी आपली उद्दिष्टे नव्याने सादर करायची असतात, या फेरीची मुदत फेब्रुवारीत उलटून गेली आणि बहुतेक देशांनी ती पाळली नाही. अशा वेळी आपण पाणपोया आणि सावलीची छपरे मागत बसलो तर मूळ प्रश्नावरून लक्ष उडवायला आपणच मदत करू, असे त्यांच्या प्रतिनिधीने आवेशाने मांडले. “सावली मागणं म्हणजे हार मानणं आहे,” असेही ती म्हणाली. त्यावर बांधकाम कामगारांच्या गटातील, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, “पोरी, तुझी लढाई जिंकेपर्यंत मी कुठं उभा राहू, तेवढं सांग.”

काही क्षण कोणीच बोलले नाही. समन्वयकाने अशा वेळी लगेच ‘दोघांचेही बरोबर आहे’ म्हणून विषय पुढे ढकलायचा असतो, असा एक समज आहे आणि मीही यापूर्वी तसे केलेले आहे. या वेळी मी तसे केले नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक वैज्ञानिक मंडळाच्या सहाव्या मूल्यांकनातील एक तक्ता जवळ होता. तो फळ्यावर उतरवला. १८५० ते १९०० या काळात सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारा तीव्र उष्णतेचा दिवस घेतला, तर जग एक अंशाने तापल्यावर तो दहा वर्षांत सुमारे २.८ वेळा येतो, दीड अंशावर ४.१ वेळा, दोन अंशांवर ५.६ वेळा आणि चार अंशांवर ९.४ वेळा, म्हणजे जवळजवळ दरवर्षी. काकांना विचारले की छप्पर पहिल्या आकड्यासाठी बांधायचे की शेवटच्या? विद्यार्थिनीला विचारले की जो दिवस आजच २.८ वेळा येतो आहे, त्या दिवशी काकांनी काय करायचे?

मतभेद मिटले असे मी लिहिणार नाही. मात्र ठराव दोन भागांचा असावा आणि दोन्ही भागांवर प्रत्येक गटाने सही करावी, एका भागावर सही करून दुसरा सोडून देता येणार नाही, यावर एकमत झाले. पहिला भाग उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी सावली, पिण्याचे पाणी, सक्तीची विश्रांती आणि तीव्र उष्णतेच्या दिवशी कामाच्या वेळा बदलण्याचा. दुसरा स्थानिक प्रशासनाने स्वतःच्या इमारती, वाहने आणि कचरा यांतून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब दरवर्षी जाहीर करण्याचा. ठरावापुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहिली. दोन वर्षांच्या इतिवृत्तांत ही गोष्ट प्रथमच झाली आहे.

४ जुलै

आजची नोंद लिहायला जड जात आहे.

ठरावासोबत वाटण्यासाठी आम्ही चार पानी पत्रक काढले. मजकूर मी लिहिला, मुद्रणप्रत मीच तपासली. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत वाक्य होते : ‘पॅरिस कराराची दीड अंशाची मर्यादा २०२४ मध्ये ओलांडली गेली.’ सहाशे प्रती छापून त्यांपैकी सुमारे चारशे वाटून झाल्यावर ज्येष्ठांच्या गटातील एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, “करारात एका वर्षाचं तापमान धरलंय का?”

धरलेले नाही. जागतिक हवामान संघटनेने जानेवारीत जाहीर केले ते असे की २०२४ या वर्षाचे जागतिक सरासरी तापमान १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते आणि असे पहिलेच कॅलेंडर वर्ष बहुधा हे असावे. कराराचे उद्दिष्ट मात्र दीर्घकालीन सरासरीशी निगडित आहे. ती साधारणपणे वीस वर्षांवर काढतात. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार दीर्घकालीन वाढ अद्याप १.३४ ते १.४१ अंशांच्या दरम्यान आहे. २०२४ मध्ये एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापते त्या नैसर्गिक घटनेचाही काही वाटा होता. म्हणजे माझ्या वाक्यातील आकडा खरा होता, वर्ष खरे होते, करार खरा होता आणि क्रियापद खोटे होते.

चूक तेवढ्यावर थांबली असती तर ती तपशिलातली चूक म्हणून सोडून देता आली असती. संध्याकाळी शेतकऱ्यांच्या गटातील एकांनी पत्रक वाचून विचारले की मर्यादा मोडलीच असेल, तर आता मागायचे काय आणि कोणाकडे? मला उत्तर सुचेना. लोकांना हलवावे म्हणून जे वाक्य ठळक केले, त्यानेच त्यांच्या हातातील मागणी काढून घेतली होती.

६ जुलै

कार्यकारी समितीची तातडीची बैठक घेतली. उरलेल्या दोनशे प्रतींवर दुरुस्तीची चिकटपट्टी लावावी आणि वाटलेल्या प्रतींचा विषय काढू नये, असे एक मत पुढे आले. कोणाच्या लक्षातही आले नाही, मग आपणच कशाला डंका पिटायचा, हा त्यामागचा विचार. मी तो मान्य केला नाही. ज्यांना पत्रक दिले त्या प्रत्येक गटाला दुरुस्तीचे पत्र पाठवले, त्यात चुकीचे वाक्य, योग्य वाक्य आणि चूक कोणाची हे तिन्ही लिहिले. पत्र सात ओळींचे आहे. लिहायला पावणेदोन तास लागले.

याच बैठकीत नियम ठरला : मंचाच्या नावाने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुरातील आकडा आणि क्रियापद, दोन्ही, लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मूळ कागदाशी ताडून पाहायचे आणि समासात आद्याक्षरे टाकायची. ताडणीचे काम त्या निवृत्त शिक्षकांनी आनंदाने पत्करले. सगळे त्यांना सर म्हणतात. आजपासून मीही म्हणू लागले.

१२ जुलै

दुरुस्तीच्या पत्रामुळे एक गट बाहेर पडला. ‘गाफीलपणा’ हा शब्द त्यांनी पत्रात वापरला आहे आणि तो योग्य आहे. पत्र फाइलला लावले. बंद पडलेल्या ३८ क्रमांकांपैकी नऊ जणांचा पत्ता मात्र अन्य गटांकडून लागला.

२४ जुलै

काल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाबाबत देशांच्या जबाबदाऱ्यांवरील आपले मत जाहीर केले. आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा आनंद समजण्यासारखा होता, कारण या सगळ्याची सुरुवातच त्यांच्या वयाच्या मुलांनी केलेली आहे. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातील बेटांवरच्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली, वानुआतु सरकारने ती उचलून धरली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून न्यायालयाकडे प्रश्न पाठवला आणि डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत ९६ देश व ११ आंतरराष्ट्रीय संघटनांनी तोंडी बाजू मांडली.

काल रात्री साडेनऊपर्यंत विद्यार्थी गटाकडून निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला होता. पहिलेच वाक्य असे : ‘प्रदूषण करणाऱ्या देशांना न्यायालयाने दोषी ठरवले.’ तासाभरात ते पाठवले नाही तर बातमी शिळी होईल, असा निरोपही सोबत होता. मी रात्री पाठवले नाही. सकाळी सरांनी आणि मंचातील एका वकील सदस्यांनी न्यायालयाचा सारांश वाचला आणि आम्ही तिघांनी मिळून वाक्य बदलले. न्यायालयाने कोणत्याही देशाला दोषी ठरवलेले नाही. हे सल्लागार मत आहे आणि ते स्वतःहून बंधनकारक नसते. मात्र त्यात जे म्हटले आहे ते काही कमी नाही : हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, जीवाश्म इंधनाचे उत्पादन, त्याचे परवाने आणि त्यावरील अनुदाने यांबाबत योग्य पावले न उचलणे हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने गैरकृत्य ठरू शकते, आणि स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरणाचा हक्क हा इतर मानवी हक्कांच्या उपभोगासाठी आवश्यक आहे. पंधराही न्यायाधीशांचे यावर एकमत झाले.

निवेदन दुपारी दोन वाजता गेले, ‘ठरू शकते’ या शब्दांसह. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने फोन करून सांगितले की ‘ठरू शकते’ वाचून कोणी रस्त्यावर उतरत नाही. तिचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येईल असे मला वाटत नाही. फक्त रस्त्यावर उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशी कोणी ‘दोषी कुठे ठरवले, दाखवा’ असे विचारले, तर त्यांच्या खिशात काय असेल, हा प्रश्न मी तिला विचारला. तिने फोन ठेवला. रागाने नव्हे, पण ठेवला.

२३ ऑगस्ट

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांचा कामाच्या ठिकाणच्या उष्णतेवरील संयुक्त अहवाल काल प्रसिद्ध झाला. आमच्या ठरावाच्या पहिल्या भागासाठी याहून उपयोगी कागद मिळणे अवघड. अहवालातील मुख्य वाक्य असे की वेट बल्ब ग्लोब तापमान २० अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे कामगाराची उत्पादकता दोन ते तीन टक्क्यांनी घटते.

एका स्वयंसेवकाने मसुद्यात ‘तापमान २० अंशांच्या वर गेल्यावर’ असे लिहिले होते. सरांनी समासात आद्याक्षरांऐवजी प्रश्नचिन्ह टाकून तो परत पाठवला. फरक असा की रोज सांगितले जाते ते हवेचे तापमान सावलीत, कोरड्या तापमापकाने मोजलेले असते. वेट बल्ब ग्लोब तापमानात तीन मोजण्या एकत्र येतात. उन्हातल्या कामासाठी ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला ०.७, काळ्या पोकळ गोळ्यातील तापमापकाच्या आकड्याला ०.२ आणि साध्या तापमापकाच्या आकड्याला ०.१ असे वजन देतात. ओल्या तापमापकाला एवढे वजन का, तर घाम वाळला तरच शरीर थंड होते आणि हवेत आधीच दमटपणा असेल तर घाम वाळत नाही. कोरडे ३५ आणि दमट ३५ यांत किती अंतर आहे, ते या एका रकमेत दिसते. ‘तापमान २०’ असे छापले असते तर वाचणाऱ्याने हसून पत्रक बाजूला ठेवले असते आणि ते त्याचे बरोबरच ठरले असते.

३० ऑगस्ट

एका अभ्यासकांकडून उपकरण उसने आणले. हातात मावेल एवढे आहे, वर टेनिसच्या चेंडूहून लहान असा काळा गोळा. काकांच्या गटाचे काम चालू असलेल्या जागी सकाळी अकरा चाळीसला ते तिपाईवर उभे केले आणि आकडे स्थिरावायची वाट पाहिली. साधा तापमापक ३६, ओला २८, काळा गोळा ४८. काकांनी स्वतः कागदावर गुणाकार मांडला : १९.६, ९.६ आणि ३.६, एकूण ३२.८. मग तिपाई उचलून चार पावलांवर, ताडपत्रीच्या सावलीत नेली. साधा तापमापक ३६ वरच राहिला, ओला २७ झाला, गोळा ३८ वर उतरला. तीच बेरीज केली, ३०.१ आली.

काका बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिले. “म्हणजे तापमान तेच, पण ताडपत्रीनं पावणेतीन अंश कमी केले,” ते म्हणाले. भोवती जमलेल्यांपैकी एकाने विचारले की मग हवामानाच्या बातमीत दोन्हीकडे ३६ च का दाखवतील? त्याला उत्तर काकांनी दिले, मी नाही. एका दिवसाच्या एका मोजणीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी तेथेच सांगितले आणि येथेही लिहून ठेवते. तरीही या जागेवरील १७ जणांनी आज ठरावावर सही केली, ते पत्रक वाचून नव्हे.

विद्यार्थी गटाची प्रतिनिधी आज न बोलावता आली होती. पुढच्या सहा शनिवारी उपकरण घेऊन येण्याचे काम तिने मागून घेतले.

१५ सप्टेंबर

ठराव, १,१४० सह्या आणि मोजण्यांचा तक्ता घेऊन पाच जणांचे शिष्टमंडळ संबंधित कार्यालयात गेले. अधिकाऱ्यांनी दहा मिनिटे शांतपणे ऐकून घेतले. आवक विभागात मात्र दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारायला नकार मिळाला. साहेबांना प्रत्यक्ष दिले आहे, मग पोच कशाला, असे तेथील कर्मचाऱ्याचे म्हणणे. यापूर्वीची दोन निवेदने अशीच ‘प्रत्यक्ष दिलेली’ आहेत आणि आज त्या कार्यालयात त्यांचा मागमूस नाही, हे इतिवृत्तांवरून मला ठाऊक होते. आम्ही बाकावर बसून राहिलो. पन्नास मिनिटांनी शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असलेली प्रत हातात पडली.

परत येताना काका म्हणाले की आजवरच्या चळवळीच्या आयुष्यात शिक्क्यासाठी इतका वेळ त्यांनी पहिल्यांदाच दिला.

३० सप्टेंबर

उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक एक, आवक क्रमांक नमूद करून.

८ ऑक्टोबर

दोन स्वयंसेवकांनी काम थांबवत असल्याचे कळवले. एकाची परीक्षा आहे. दुसरीने लिहिले आहे की रोज हवामानाच्या बातम्या वाचून तिला झोप लागत नाही आणि काही महिने तिला हा विषयच नको आहे. तिला मी ‘खंबीर राहा’ असे लिहायला घेतले होते, मग ते खोडले. तिच्याकडील कामांची यादी करून तीन जणांत वाटून दिली आणि तिला एवढेच कळवले की काम अडलेले नाही, तिची जागाही भरलेली नाही. बातम्यांचा दैनंदिन सारांश गटावर टाकण्याची पद्धत मीच जूनमध्ये सुरू केली होती. तो आता आठवड्यातून एकदा येईल. रोजच्या सारांशाची कोणी मागणी केल्याचे मला आठवत नाही.

१६ ऑक्टोबर

स्मरणपत्र क्रमांक दोन.

जागतिक हवामान संघटनेच्या काल आलेल्या पत्रिकेनुसार २०२३ ते २०२४ या एका वर्षात कार्बन डायऑक्साइडचे जागतिक सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत ३.५ भागांनी वाढले. १९५७ मध्ये आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वार्षिक वाढ आहे. माणसाच्या उत्सर्जनाबरोबरच वणव्यांतून बाहेर पडलेला वायू आणि जमीन व समुद्र यांनी नेहमीपेक्षा कमी शोषलेला वायू, ही त्याची कारणे दिली आहेत. विद्यार्थी गटाने या वेळी मसुदा पाठवला तेव्हा समासात आधीच दोन आद्याक्षरे होती आणि ‘प्रमाण’ व ‘उत्सर्जन’ या शब्दांची गल्लत कोठेही नव्हती. एका वर्षात वाढले ते हवेतील प्रमाण; त्याच मापाने उत्सर्जन वाढले असे त्यातून निघत नाही. मी एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिले.

६ नोव्हेंबर

कार्यालयाचे उत्तर आले. ‘आपल्या मागण्या विचाराधीन असून त्याबाबत यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.’ आवक क्रमांकाचा उल्लेख आहे, एवढी त्यातली जमेची बाजू.

समितीतील काहींनी याला विजय म्हणावे आणि तसे गटांना कळवावे, म्हणजे उत्साह टिकेल, असे सुचवले. सरांनी पत्र उजेडात धरून वाचले आणि म्हणाले, “यात एकही क्रियापद वर्तमानकाळातलं नाही.” वस्तुतः ‘विचाराधीन असून’ हे वर्तमानातलेच आहे, पण त्यांच्या म्हणण्याचा रोख सगळ्यांना कळला. गटांना पत्र जसेच्या तसे पाठवले, विशेषण न लावता. उत्तरादाखल कार्यालयाला तीनच प्रश्न विचारले आहेत : विचार कोण करीत आहे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उष्णतेचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन कामाच्या जागी सावली, पाणी व विश्रांतीची प्रायोगिक व्यवस्था करता येईल का?

२४ नोव्हेंबर

ब्राझीलमधील बेलेम येथील कॉप ३० ही संयुक्त राष्ट्रांची वार्षिक हवामान परिषद परवा, ठरल्या मुदतीपेक्षा एक दिवस उशिरा, आटोपली. आज संध्याकाळी चौदाऐवजी तेरा गटांची बैठक होती. परिषदेत काय झाले हे मी सांगावे अशी अपेक्षा होती, परंतु ते काम विद्यार्थिनीने आणि काकांनी मिळून केले. दोन वर्षांपूर्वी दुबईच्या परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा प्रथमच मान्य झाली होती. त्यासाठीचा आराखडा बेलेमच्या निर्णयात यावा ही अनेक देशांची मागणी होती आणि तो आला नाही, हे तिने सांगितले. सांगताना तिचा आवाज जूनमधल्याइतकाच तापलेला होता आणि तो तसा आहे याचे मला बरे वाटले.

अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांसाठीच्या निधीबद्दल काका बोलले. कोणीतरी विचारले, “म्हणजे २०३५ पर्यंत पैसे तिप्पट देणार, असं कबूल केलंय ना?” काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचून दाखवले की तिप्पट करण्यासाठी प्रयत्न करण्याचे आवाहन केले आहे. “कबूल नाही केलेलं. आवाहन,” ते म्हणाले, आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला.

२८ नोव्हेंबर

कार्यालयातून फोन आला. तीनपैकी एका जागेची पाहणी करण्यासाठी पुढील गुरुवारी, ४ डिसेंबरला, सकाळी साडेअकरा वाजता एक कनिष्ठ अभियंता येणार आहेत. फोन करणाऱ्यांना हेच लेखी कळवण्याची विनंती केली. त्यांनी होय म्हटले आहे, ईमेल अद्याप आलेला नाही. उपकरण बुधवारी आणून ठेवायचे आहे. विद्यार्थिनी आणि काका दोघेही येतील. जूनपासून फोन न उचललेल्या ४३ जणांपैकी सतरा जण त्या जागेच्या आसपास राहतात असे यादीवरून दिसते. त्यांना उद्या सकाळी पुन्हा फोन करायचे आहेत.